सातातून तीन गेले, राहिले सात

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरातल्या प्रत्येकाने मला कधी ना कधी ऐकवलेलं आहे. सासूबाई तर म्हणायच्या, "हिला पहिलीचा वर्ग दिला? धाडसाची शाळा आहे बाई." पण त्यात शाळेचं धाडस वगैरे काही नव्हतं. तो वर्ग दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं, एवढंच. आणि ती शाळाही दुसरं कुणी घ्यायला तयार नसायचं. बायपास ओलांडून बिडकीनच्या दिशेला बरंच आत गेलं की चार खोल्या, वर पत्रे, समोर एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली कायम एक शेळी. मी शहरात, शहागंजच्या बाजूला राहायचे. दोन शेअर रिक्षा बदलून शाळेत पोचेपर्यंत माझ्या केसांचा रंग बदललेला असायचा, इतकी धूळ.

धूळ असणारच. ती लागोपाठची दुष्काळाची वर्षं होती आणि नेमकं तेव्हाच शहर त्या बाजूला हातपाय पसरत होतं. काल जिथं बाजरीची धाटं होती तिथं आज पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेले प्लॉट, आणि परवा जावं तर खांब उभे. गंगापूर, वैजापूर, पैठण तालुक्यांतून माणसं इमारतींच्या कामावर यायची आणि त्याच इमारतींच्या सावलीला पत्रे ठोकून राहायची. इमारतींवर पाणी मारायला टँकर वेगळा, माणसांना प्यायला वेगळा. त्यातला इमारतींचा तेवढा वेळेवर यायचा.

आमच्या घरीही नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं, त्यामुळे पाणीटंचाईतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. तो कसा मोडला, तेच सांगायचंय.

वर्गातली लेकरं मोजण्यात पटाईत होती. चिंचोके टाकले की पटापटा मोजायची, बेरीज तर त्यांनी मी नीट शिकवायच्या आतच उचलली. मी खुशीत होते. घरी जाऊन सासूबाईंना म्हणालेसुद्धा, की पहिलीचं गणित म्हणजे काय, डाव्या हातचा मळ. त्यावर त्यांनी नुसतंच "हं" केलं. त्यांचं "हं" मला पुढं बरेच दिवस ऐकू येत राहिलं.

कारण मग आली वजाबाकी.

आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, उदाहरणं मुलांच्या परिसरातली घ्या. मी अगदी आज्ञाधारकपणे परिसरातलं उदाहरण घेतलं. म्हटलं, "सांगा बरं, सात बायका पाण्याच्या रांगेत उभ्या आहेत. त्यातल्या तीन घरी गेल्या. रांगेत किती राहिल्या?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सात!"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. पुन्हा सांगितलं, सावकाश सांगितलं, बोटं दाखवून सांगितलं. तिघी घरी गेल्या, गेल्या, गेल्या. "सात!" या खेपेला आवाज आणखी मोठा, कारण बाईंना ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं.

या कोरसची म्होरकी होती मागच्या भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी. ती बाकीच्यांपेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठी. आईबाप इमारतींच्या कामावर गावोगाव फिरणारे, त्यामुळे तिला शाळेचं तोंडच दिसलेलं नव्हतं. धाकटा भाऊ मामाकडे राहून शिकला, म्हणून तो आला तो थेट दुसरीत बसला, आणि ही पहिलीत. वयाप्रमाणे वर्गात बसवायचा नियम तेव्हा आलेला नव्हता. मधल्या सुट्टीत भाऊ खिडकीतून डोकावून तिला "ए पह्यली!" म्हणून पळायचा आणि ती त्याला खडू फेकून मारायची. खडू माझे असायचे. पण मी रागावत नव्हते, कारण तिच्या जागी मी असते तर पाटी फेकली असती.

बाकी पोरगी खमकी होती. बारक्यांची भांडणं मिटवणं, शेळीला वर्गातून हाकलणं, कुणाचं नाक पुसणं, सगळं तिच्याकडे. मला तर ती वर्गातली दुसरी बाईच वाटायची, आणि खरं सांगते, पोरं माझ्यापेक्षा तिलाच जास्त भ्यायची.

एक दिवस तिची आई शाळेच्या दारात आली. कामावरूनच आली होती, हातापायांना सिमेंट तसंच. म्हणाली, "बाई, एवढी मोठी पोरगी बारक्या लेकरांत बसती, लोकं हसतेत. भाऊ दुसरीत अन् ही पह्यलीत. दिवाळीपस्तोर बघते. वरच्या वर्गात गेली तर ठीक, नाय तर ऱ्हाऊ द्या घरी. टँकरला बसाया कुणी तरी लागतंच की."

त्यात राग नव्हता, रडगाणंही नव्हतं. हिशोबच होता तो. तिच्या जागी तो बरोबरही होता. मी मात्र हबकले. ही मुलगी दिवाळीनंतर मागच्या भिंतीशी नसेल, हे मला चालणार नव्हतं. चालणार नव्हतं म्हणजे नव्हतंच.

मी तडक मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. गंगापूरकडच्या शेतकरी घरातले, उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात कायम बडीशेपेची पुडी. माणूस सरळ, पण नियमाला चिकट. माझं ऐकून त्यांनी बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाले, "अक्षरओळख आहे, वाचते, ते मी पाहिलं. पण तिसरीचे गुरुजी मला विचारतील, गणिताचं काय? दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गावर येतो. वजाबाकी करून दाखवली तर तिसरीत बसवतो. नाही तर मला बोल लावू नका."

"तिसरीत?" मी विचारलं. मी दुसरीचंच मागायला गेले होते.

"भावाच्या वर्गात बसवून काय करता, रोज खडू कमी पडतील," ते म्हणाले. त्यांना सगळं माहीत असायचं.

मी आनंदाने बाहेर आले आणि दारातच मला आठवलं: सातातून तीन गेले, राहिले सात.

पुढचे दिवस मी जंग जंग पछाडलं. आंब्यांची वजाबाकी घातली. दहा आंबे, चार खाल्ले, किती राहिले? "सहा!" बरोबर. आठ बांगड्या, दोन फुटल्या? "सहा!" बरोबर. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. मग म्हटलं, नऊ गाई गोठ्यात, पाच चरायला गेल्या? "नऊ!" परत पहिले पाढे पंचावन्न. मी त्या मोठ्या मुलीला उभं केलं. "अगं, पाच गेल्या ना?"

"गेल्या की."

"मग किती राहिल्या?"

"नऊच की बाई." आणि माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं, की आपल्यालाच वजाबाकी येत नाही की काय अशी मला शंका आली.

घसा कोरडा झाला. डोकं तापलं. शेळी आत आली तर मी तिलाच ओरडले, "तू तरी सांग, किती राहिले!" लेकरं पोट धरधरून हसली. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, माझा राग म्हणजे त्यांच्यासाठी तमाशाच होता. पण दिवाळी जवळ येत होती आणि मला झोप लागत नव्हती. आंब्यांची वजाबाकी येते आणि गाईंची येत नाही, असं डोकं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि इथं तर वर्गभर तसलीच डोकी.

मग तो दिवस आला. टँकर एरवी शाळा सुटल्यावर यायचा. त्या दिवशी भर वर्गात भोंगा वाजला. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, वळून पाहते तो वर्ग रिकामा. शेळी तेवढी बसलेली. माझं टाळकं सणकलं. पदर खोचला, हातात डस्टर तसंच घेतलं, आणि उन्हात त्यांच्यामागे निघाले. एकेकाला बखोट धरून आणायचं ठरवलं होतं.

वस्तीच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटमध्ये टँकर उभा होता आणि समोर रांग होती. पण रांगेत माणसं अगदी मोजकी. मोठी माणसं सगळी कामावर. रांग होती ती वस्तूंची. एक हंडा, मग एक वीट, मग तुटकी चप्पल, मग चुना लावलेला दगड, फुटका डबा, परत हंडा, परत दगड. टँकरच्या चाकापासून पार बाभळीपर्यंत. आणि त्या रांगेच्या कडेने माझी ती मुलगी, हातात काठी, एखाद्या हवालदारासारखी फिरत होती. बाकीची लेकरं आपापल्या घरच्या हंड्याशी.

तेवढ्यात एक बाई आली. वस्तीत नवी असावी. तिने रांगेतली तुटकी चप्पल पायाने बाजूला सारली आणि तिथं आपला हंडा टेकवला. मुलगी धावतच आली.

"मावशी, तिथं नंबर हाय."

"कुणाचा? इथं तर कुणीच नाय."

"ती कामावर गेली."

"गेली नव्हं? मंग?"

"गेली म्हणून काय झालं? पाणी घेऊन थोडीच गेली! तिचा नंबर इथंच हाय." आणि तिने हंडा उचलून बाजूला ठेवला, चप्पल होती तिथं नीट मांडली, चपलेवरची धूळसुद्धा झटकली. ती नवी बाई पुटपुटत शेवटी बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

मी डस्टर घेऊन तशीच उभी. बखोट धरायला आले होते ते विसरूनच गेले. गेली म्हणून काय झालं! रांगेतल्या तिघी घरी गेल्या तर रांगेत सातच राहणार. चार धरल्या असत्या तर कामावरून आलेल्या तीन बायकांना त्या दिवशी पाणी मिळालं नसतं. गाई चरायला गेल्या तरी गोठ्यात नऊच, कारण संध्याकाळी त्या येणार आणि त्यांची जागा धरून ठेवायला हवी. आंबा खाल्ला की संपला, बांगडी फुटली की फुटली. पण जे आपल्या पायांनी गेलं त्याची जागा राहते. माझ्या लेकरांची वजाबाकी पक्की होती. मी प्रश्नच असा घातला होता, की इमानदार उत्तर तेच येणार.

मला हसू आलं. भर उन्हात, हातात डस्टर, एकटीच हसत उभी. मुलीने लांबून पाहिलं आणि ओरडून विचारलं, "बाई, तुम्हालाबी नंबर लावायचा का?"

मी म्हटलं, "नको. मला एवढंच सांग, या रांगेतून दगड कमी कधी होतो?"

"हंडा भरला की. हंडा भरला की दगड उचलायचा."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एक बादली ठेवली आणि तिला टँकर केलं. लेकरांनी आपापले दगड आणून रांग लावली. एकेकाचा हंडा भरायचा, म्हणजे बादलीवर नुसता तांब्या फिरवायचा, आणि आपला दगड उचलायचा. नऊ दगड, चार हंडे भरले, किती राहिले? "पाच!" बारा दगड, सात भरले? "पाच!" मी म्हणेन ते. पुढं दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले, गठ्ठा सोडून काड्या द्यायला शिकवलं, आणि ती मोठी मुलगी तर अशी सुटली, की मला उदाहरणं पुरेनात. चालता चालता भिंतीवर कोळशाने वजाबाक्या करायची. इमारतीच्या नव्या कोऱ्या रंगावर केल्या म्हणून मुकादमाने मला निरोप धाडला. मी उलट निरोप पाठवला, की उत्तरं बरोबर आहेत ना?

मोठे सर ठरल्याप्रमाणे सुट्टीच्या आधी आले. मुलीने वेणी घट्ट घातली होती, तेल कपाळापर्यंत आलं होतं. भाऊ खिडकीत. तिची आईही त्या दिवशी कामावर न जाता दारात येऊन टेकली होती. मी सरांच्या मागे उभी.

सरांनी बडीशेप खाल्ली, खुर्ची ओढली आणि मायेने विचारलं, "हं, सांग बाळ. झाडावर चौदा पोपट बसलेत. सहा उडून गेले. किती राहिले?"

मी मनात म्हटलं, झाला घोळ. जगातल्या सगळ्या गोष्टी सोडून या माणसाला पोपटच आठवले.

मुलगी विचारात पडली. मग तिने सरांना विचारलं, "पाणी पिऊन गेले का तसेच?"

"काय?"

"पोपट. पाणी पिऊन गेले का तसेच गेले?"

सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पोपटांचं पाणी कुठून आलं मध्येच?"

मुलगीच म्हणाली, "पिऊन गेले असले तर आठ. तसेच गेले असले तर परत येतील. मंग त्यांची जागा धराया पाहिजे. मंग चौदाच."

खिडकीतला भाऊ फिसकन हसला. सर खुर्चीतून उठलेच. "बाई, हे शिकवलं तुम्ही?"

माझा ताबा सुटला. "तिचं बरोबर आहे," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. "तिने दोन्ही उत्तरं दिली, आठही आणि चौदाही. तुमचा प्रश्न अर्धा आहे, सर."

"परीक्षेत असं चालत नाही, बाई. परीक्षेत पोपटांना पाणी विचारत नाहीत. तिसरीत जाऊन ही दर गणिताला गुरुजींना प्रश्न विचारत बसली तर?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. दारातली आई पदर सावरून उभी राहिली. तिला सगळं समजलं नसेल, पण उठलेला माणूस तिला दिसत होता. मुलीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सरांना म्हणाली, "सर, म्हणजे शाळेच्या गणितात गेले ते गेलेच धरायचे? परत येत नाय?"

"नाही येत," सर म्हणाले.

"कुणीच नाय?"

"कुणीच नाही."

"बरं," ती म्हणाली. "मंग आठ." आणि जरा थांबून, जणू शाळेचीच समजूत काढावी तसं म्हणाली, "मला ठावं नव्हतं. आता येईल मला."

सर परत खुर्चीत बसले. दर महिन्याला आमच्या पटावरची लेकरं निघून जायची, जिकडे काम तिकडे, आईबापांमागे, आणि त्यांची नावं कमी करायचं काम सरांचंच होतं. त्यांना त्या वेळी तेच आठवलं की आणखी काही, मी कधी विचारलं नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर बावन्नातून अठ्ठावीस मांडलं. मुलीने काड्यांकडे ढुंकूनही न पाहता चोवीस लिहिलं. आणखी एक घातलं, तेही आलं. तिसरं घातलं ते तिने सरांचा हात फळ्यावरून निघायच्या आत सोडवलं.

"उद्यापासून तिसरीत बस," सर म्हणाले.

"उद्या कामून? आत्ताच जाते की," असं म्हणून तिने दप्तर उचललं, खिडकीशी जाऊन भावाला म्हणाली, "ए दुसरी!" आणि दारातल्या आईच्या काखेखालून सटकून शेजारच्या खोलीत गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आई हसत होती, पदराने तोंड झाकून, आणि पदराआड डोळेही पुसत होती. म्हणाली, "बाई, आता टँकरला कोण बसंल?" मी म्हटलं, "तो प्रश्न मला नका घालू, मी गणिताची बाई आहे."

मोठे सर जाता जाता दारात थांबले. खुशीत होते. वर्गाकडे वळून म्हणाले, "काय रे पोरांनो, तुम्हालाही येते का वजाबाकी? वर्गात तुम्ही एकतीस होतात. एक तिसरीत गेली. राहिले किती?"

"तीस!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. एकही चुकला नाही.

"शाबास," सर म्हणाले, आणि मलाही म्हणाले, "शाबास, बाई."

ज्या उत्तरासाठी मी इतके दिवस घसा फोडला होता, ते उत्तर लेकरांनी पहिल्या फटक्यात, खणखणीत दिलं होतं. मी हसले, मान हलवली, आणि वळून फळा पुसायला लागले. मागच्या भिंतीकडे बघवेना. त्यांच्यातलं एखादं तरी वेडं लेकरू "एकतीस" म्हणालं असतं, तर मी त्याला उचलून घेतलं असतं.